विश्लेषण : लोकप्रियतेच्या शिखरावर असताना जेनी लिंडने ऑपेरा का सोडला?

वयाच्या २०व्या वर्षी गेलेला आवाज, २८व्या वर्षी सोडलेली रंगभूमी आणि ३०व्या वर्षी अमेरिकेत केलेली विक्रमी कमाई. ‘स्वीडिश नाइटिंगेल’ म्हणून जगभर गाजलेल्या गायिकेच्या कारकीर्दीत गाण्याइतकेच महत्त्व होते ते कधी थांबायचे या निर्णयांना.

‘द ग्रेटेस्ट शोमन’ हा २०१७ मधील हॉलीवूडपट पाहिलेल्यांना जेनी लिंड हे नाव आठवत असेल. त्यात ही युरोपीय गायिका अमेरिकेत येते, आधुनिक पॉप ढंगाचे गाणे गाऊन प्रेक्षकांना जिंकते, सर्कसवाला पी. टी. बार्नमच्या प्रेमात पडते आणि त्याने पाठ फिरवताच दौरा अर्ध्यावर टाकून निघून जाते. पडद्यावर हे छान दिसते. पण खरी जेनी लिंड आणि बार्नम यांच्यात प्रेमप्रकरण वगैरे काही नव्हते. दौरा अर्ध्यावर थांबला हे खरे, मात्र तो करारातील कलमाचा आधार घेऊन आणि ठरलेली भरपाई मोजून थांबवण्यात आला. चित्रपटाने वगळलेला हा व्यवहाराचा भाग अधिक रंजक आहे.

जेनी लिंड कोण होती?

योहाना मारिया ऊर्फ जेनी लिंडचा जन्म ६ ऑक्टोबर १८२० रोजी स्टॉकहोममध्ये झाला. तेव्हा तिच्या आई-वडिलांचे लग्न झालेले नव्हते. आईने पहिल्या नवऱ्याशी घटस्फोट घेतला होता; पण तो जिवंत असेपर्यंत दुसरे लग्न करणे तिच्या धर्मश्रद्धेत बसत नव्हते. जेनी १४ वर्षांची झाली तेव्हा कुठे ते लग्न झाले. आई शिक्षिका, वडील हिशेबनीस. घरात पैशांची ओढाताण आणि भांडणे नित्याची.

नऊ वर्षांची जेनी खिडकीत बसून आपल्या मांजरीला गाणी म्हणून दाखवत असे. रस्त्याने जाणाऱ्या एका मोलकरणीच्या कानावर ते सूर पडले. ही मोलकरीण रॉयल ऑपेरातील एका नर्तिकेकडे कामाला होती. तिने मालकिणीला सांगितले आणि मुलीला थेट ऑपेराच्या गायन शिक्षकासमोर उभे करण्यात आले. नाट्यगृहाचे प्रमुख काउंट पुके यांनी आधी, एवढ्याशा पोरीचे काय ऐकायचे, म्हणून टाळाटाळ केली. ऐकल्यावर मात्र तिला सरकारी खर्चाने नाट्यशाळेत घेण्यात आले. दहाव्या वर्षापासून ती रंगमंचावर दिसू लागली.

७ मार्च १८३८ रोजी वेबरच्या ‘डेर फ्रायशुट्झ’ या ऑपेरात तिने आगाथेची प्रमुख भूमिका केली आणि एका रात्रीत स्टॉकहोम तिचे झाले. पुढे आयुष्यभर ही तारीख ती दुसरा वाढदिवस म्हणून पाळत असे. विसाव्या वर्षी ती स्वीडनच्या संगीत अकादमीची सदस्य आणि दरबारी गायिका झाली होती.

मग आवाज गेला कसा?

ऑपेरात संवादही गाऊनच म्हटले जातात. ध्वनिक्षेपक नसतो. पुढे पूर्ण वाद्यवृंद वाजत असतो आणि त्यावरून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायचा असतो. असे दोन-तीन तास. ही फेक साधते ती श्वासावरच्या ताब्याने. तो ताबा पक्का नसेल तर गायक नकळत गळ्यावर जोर देतो. स्वरतंतू सुजतात, मधल्या पट्टीत आवाज घोगरा होतो, वरचे सूर फाटतात. तरुण वयात हे काही काळ निभावते, म्हणून अधिक धोक्याचे.

जेनीचे हेच झाले. स्टॉकहोमच्या रंगभूमीची ती हुकमी कमाई होती. ‘नॉर्मा’, ‘लुचिया’ यांसारख्या भूमिका, ज्यांना अनुभवी गायिकाही जपून हात घालतात, त्या ती विशीच्या सुमारास गात होती. त्यातच पॅरिसला शिकायला जाण्यासाठी पैसे हवेत म्हणून उन्हाळ्याच्या सुटीत तिने स्वीडनच्या गावोगावी कार्यक्रम केले. शिक्षणासाठी पैसे जमवताना ज्या गळ्याला शिकवायचे तोच थकत गेला.

१८४१ मध्ये ती पॅरिसला मान्युएल गार्सिया या त्या काळच्या नामांकित गायनगुरूकडे गेली. त्याच्यासमोर गाताना आवाजाने मध्येच साथ सोडली. तुझ्याकडे आता आवाज उरलेला नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. रडवेल्या जेनीने विनवणी केली तेव्हा त्याने एक अट घातली. काही आठवडे गायचे तर नाहीच, बोलायचेही शक्य तितके कमी. त्यानंतर येऊन भेट, मग पाहू.

घरी नावलौकिक असलेल्या, हाती पैसे बेताचे असलेल्या २० वर्षांच्या गायिकेने परक्या शहरात गप्प बसून दिवस काढायचे, हे सोपे नव्हते. तिने तो काळ फ्रेंच शिकण्यात घालवला. पुन्हा तपासणी झाली, गार्सियाला आशा वाटली आणि शिकवणी सुरू झाली ती अगदी मुळापासून. एकेक सूर लावत अतिशय संथ गतीने सप्तक चढायचे आणि उतरायचे. श्वास कुठे घ्यायचा आणि कुणाला कळू न देता कसा घ्यायचा. दोन लगतच्या सुरांचे जलद आंदोलन, ज्याला पाश्चात्त्य संगीतात ट्रिल म्हणतात, तेही आधी मुंगीच्या पावलांनी. सुमारे दहा महिने हेच चालले. ज्या मुलीला तिच्या देशात शिकवण्यासारखे कुणाकडे काही उरले नव्हते, ती ‘सा’ कसा लावावा इथून सुरुवात करत होती, असे म्हटले तरी चालेल.

हा गार्सिया साधा शिक्षक नव्हता. मारिया मालिब्रान आणि पॉलिन व्हियार्दो या दोन अव्वल गायिकांचा तो भाऊ. गाताना घशात नेमके काय घडते याचे त्याला कमालीचे कुतूहल होते. पुढे १८५४ मध्ये छोटे आरसे आणि सूर्यप्रकाश वापरून त्याने स्वतःचेच हलते स्वरतंतू पाहिले. घशाच्या तपासणीच्या शास्त्राचा पाया त्यातून घातला गेला. तो १०१ वर्षे जगला. जेनीचा आवाज वाचला तो अशा माणसाच्या हाती पडला म्हणून.

‘नाइटिंगेल’ हे नाव कुठून आले?

स्टॉकहोमला परतलेल्या जेनीचा आवाज आता वरच्या पट्टीत लखलखीत होता. १८४३ मध्ये कोपनहेगनला ती गायली तेव्हा परीकथाकार हान्स ख्रिश्चन अँडरसन तिच्या प्रेमात पडला. तिने त्याला भावाच्या नात्यापलीकडे जागा दिली नाही. त्याच वर्षी त्याची ‘द नाइटिंगेल’ ही कथा प्रसिद्ध झाली. खऱ्या पक्ष्याचे गाणे आणि रत्नजडित यांत्रिक पक्ष्याचे गाणे यांची ही गोष्ट जेनीवरून सुचली, असे मानले जाते.

बर्लिन, लाइपझिग, व्हिएन्ना ही शहरे तिने पुढच्या तीन वर्षांत जिंकली. संगीतकार फेलिक्स मेंडेल्सोन तिचा जिवलग मित्र झाला. ‘एलायजा’ या त्याच्या ऑरेटोरिओतील स्त्री-आवाजाचा भाग त्याने जेनीचा गळा कानात ठेवून लिहिला. पॅरिसच्या ऑपेराने मात्र १८४२ मध्ये चाचणीनंतर तिला घेतले नव्हते. नंतर जग तिच्या पायाशी आले तरी तिने पॅरिसच्या रंगमंचावर कधीच पाऊल ठेवले नाही.

कराराचे दुखणे काय होते?

तेव्हाच्या स्वीडिश कायद्यानुसार अविवाहित स्त्री, तिचे वय कितीही असो, अज्ञानच समजली जाई. युरोपातील नाट्यगृहे जिच्या नावावर भरत होती तिला स्वतःच्या मिळकतीसाठी पालक नेमून घ्यावा लागला. १८४४ मध्ये न्यायाधीश हेनरिक मुंथे हे तिचे कायदेशीर पालक झाले. अविवाहित स्त्रियांना सज्ञान ठरवून घेण्याची मुभा देणारी सुधारणा स्वीडनमध्ये १८५८ मध्ये झाली.

याच सुमारास, १८४५च्या सुरुवातीला, लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरचा व्यवस्थापक आल्फ्रेड बन बर्लिनला आला. एका खेळाच्या दरम्यान, मान्यवरांच्या आग्रहाखाली तिने त्याच्या करारावर सही केली. करार इंग्रजीत गाण्याचा होता आणि तिला इंग्रजी येत नव्हते. चूक लक्षात आल्यावर तिने सुटका मागितली. बन सोडायला तयार नव्हता. दरम्यान हर मॅजेस्टीज थिएटरच्या बेंजामिन लम्लीने तिला लंडनला आणले. बनने खटला भरला आणि न्यायालयाने त्याला अडीच हजार पौंडांची भरपाई मंजूर केली. पुढे बार्नमशी बोलणी करताना जेनी एवढी काटेकोर का होती, याचे उत्तर या प्रकरणात सापडते असे म्हणायला जागा आहे.

४ मे १८४७ रोजी लंडनमध्ये तिने मायरबेरच्या ‘रोबेर ल दियाब्ल’ या ऑपेरात अलिसची भूमिका केली. राणी व्हिक्टोरिया उपस्थित होती. शहराला अक्षरशः वेड लागले. त्याच वर्षी एका रेल्वे इंजिनाला ‘जेनी लिंड’ हे नाव मिळाले. जुलैमध्ये व्हर्दीच्या ‘ई मास्नादिएरी’ या नव्या ऑपेराचा पहिला प्रयोग खुद्द व्हर्दीच्या संचालनाखाली झाला, त्यात नायिका तीच होती.

मग ऑपेरा का सोडला?

१० मे १८४९ रोजी लंडनमध्ये त्याच ‘रोबेर ल दियाब्ल’मध्ये ती अखेरची ऑपेरात गायली. वय २८. त्यानंतर जवळपास ३५ वर्षे ती कार्यक्रमांत गात राहिली, पण वेशभूषा करून ऑपेराच्या रंगमंचावर पुन्हा आली नाही.

कारण एक नव्हते. रंगभूमीवर जाण्यापूर्वी तिला विलक्षण भीती वाटे आणि ती वर्षागणिक कमी होण्याऐवजी वाढत गेली. ती अतिशय धार्मिक होती. नाटकी जगातील हेवेदावे आणि लोकांच्या नजरा तिला नकोशा झाल्या होत्या. नोव्हेंबर १८४७ मध्ये मेंडेल्सोन अवघ्या ३८व्या वर्षी गेला, त्या धक्क्याने ती खचली. हिंदुस्थानातील लष्करात अधिकारी असलेल्या क्लॉडियस हॅरिसशी तिचे लग्न ठरत होते. त्याच्या घरी नाटकाचा व्यवसाय पाप समजला जाई. ते लग्न १८४९ मध्येच मोडले. पण म्हणून ती रंगभूमीवर परतली नाही. म्हणजे होणाऱ्या नवऱ्यासाठी करिअर सोडले, हे सोपे स्पष्टीकरण टिकत नाही.

गळ्याचा विचारही यामागे असावा. एकदा आवाज गमावून परत मिळवलेल्या गायिकेला त्याची किंमत इतरांपेक्षा जास्त कळते. कार्यक्रमात गाणी आपण निवडतो, मध्ये विश्रांती मिळते, भूमिकेचा ताण नसतो. तडजोड म्हणून लम्लीने एप्रिल १८४९ मध्ये मोझार्टचा ‘मॅजिक फ्लूट’ वेशभूषा आणि अभिनयाशिवाय नुसता गाऊन सादर करून पाहिला. प्रेक्षकांना ते आवडले नाही. तेव्हा निरोपाचे मोजके प्रयोग करून तिने हा अध्याय मिटवला. मोहापायी गळा ओढत राहिलेल्या आणि कीर्ती ओसरताना पाहावी लागलेल्या अनेक गायकांच्या तुलनेत हा निर्णय थंड डोक्याचा होता.

बार्नमने तिला न ऐकताच कसे बोलावले?

फिनियस टेलर बार्नम हा न्यूयॉर्कमधील अमेरिकन म्युझियमचा मालक. विचित्र वस्तू आणि ‘जनरल टॉम थम्ब’ हा बुटका कलाकार दाखवून त्याने पैसा केला होता. प्रतिष्ठा मात्र मिळाली नव्हती. ती मिळवण्यासाठी त्याला युरोपची सर्वांत नामांकित गायिका हवी होती. तिचा एक सूरही त्याने ऐकला नव्हता.

९ जानेवारी १८५०च्या करारानुसार जास्तीत जास्त १५० कार्यक्रम, प्रत्येकाचे एक हजार डॉलर आणि प्रवास, निवास, नोकर-चाकर असा सगळा खर्च बार्नमचा. संगीत संचालक ज्युलियस बेनेडिक्टला २५ हजार आणि गायक बेल्लेत्तीला साडेबारा हजार डॉलर. एकूण बेरीज १,८७,५०० डॉलर. ही सगळी रक्कम आगाऊ लंडनच्या बँकेत जमा हवी, मगच जहाजात पाऊल. दानासाठी स्वतंत्र कार्यक्रम करण्याची मुभाही तिने लिहून घेतली. पैशांसाठी बार्नमला मालमत्ता गहाण टाकावी लागली, मित्रांकडे हात पसरावे लागले.

करार झाल्यानंतर त्याने आगगाडीतील एका कंडक्टरला मोठ्या उत्साहाने सांगितले की, जेनी लिंड येत आहे. ती नर्तिका आहे का, असे त्याने विचारले. आपण सर्वस्व पणाला लावलेले नाव इथे कुणाला माहीतच नाही, हे बार्नमच्या तेव्हा ध्यानात आले. उरलेले महिने त्याने वृत्तपत्रे कामाला लावली. आवाज कसा आहे हे सांगण्यापेक्षा ती किती साधी, धर्मशील, दानशूर आहे याच्या कहाण्या छापून आणल्या. अमेरिकेच्या स्वागतगीतासाठी २०० डॉलरच्या बक्षिसाची स्पर्धा लावली. १ सप्टेंबर १८५० रोजी तिचे जहाज न्यूयॉर्कला लागले तेव्हा धक्क्यावर हजारोंची गर्दी होती. यातल्या बहुतेकांनी ऑपेरा कधी ऐकलेला नव्हता.

तिकिटांचा लिलाव ही त्याची सर्वांत हुशार खेळी. पहिल्या कार्यक्रमाचे पहिले तिकीट जॉन जेनिन या टोपीविक्रेत्याने २२५ डॉलरला घेतले. मूर्खपणा म्हणून लोक हसले. पण देशभरच्या वृत्तपत्रांत दुकानाचे नाव फुकट झळकले. हे कळताच पुढच्या शहरांतले व्यापारीही चढाओढीने बोली लावू लागले. ११ सप्टेंबरला कॅसल गार्डनच्या भव्य सभागृहात पहिला कार्यक्रम झाला. बाजारात जेनी लिंड टोप्या, हातमोजे, खुर्च्या आल्या. लाकडी मण्यांच्या ओळीसारखे दांडे असलेल्या पलंगाला अमेरिकेत आजही ‘जेनी लिंड बेड’ म्हणतात.

सगळेच भारावले नाहीत. कवी वॉल्ट व्हिटमनला तिच्या गाण्यात कसब दिसले, पण त्याचे हृदय हलले नाही.

दौरा अर्ध्यावर का थांबला? पैसे कुणाला किती मिळाले?

तिकीटविक्रीचा अंदाज येताच जेनीच्या बाजूने करार बदलून घेण्यात आला. उत्पन्न ठरावीक आकड्यापुढे गेले की वरच्या रकमेत तिचाही वाटा. बार्नमने आत्मचरित्रात दिलेल्या हिशेबानुसार त्यांच्या ९० हून अधिक कार्यक्रमांचे एकूण उत्पन्न ७,१२,१६१ डॉलर झाले आणि त्यातील १,७६,६७५ डॉलर जेनीच्या वाट्याला आले. बाकीच्या रकमेतून सगळा खर्च भागवूनही बार्नम गडगंज झाला.

पण त्याच्या जाहिरातबाजीला ती विटली होती. आपण गायिका आहोत की नुमाइशीतली वस्तू, असा प्रश्न तिला पडू लागला असल्यास नवल नाही. फिलाडेल्फियात सर्कससाठी वापरल्या गेलेल्या थिएटरात गावे लागल्यावर जून १८५१ मध्ये तिने करारातील मुदतपूर्व समाप्तीचे कलम वापरले, भरपाई दिली आणि पुढचे वर्षभर स्वतःच्या व्यवस्थापनाखाली गात राहिली. गंमत म्हणजे दोघांनीही नंतर एकमेकांबद्दल फारसे वाईट बोलल्याची नोंद नाही. व्यवहार होता, तो संपला.

तिच्या पैशांचे काय झाले? न्यूयॉर्कच्या पहिल्या कार्यक्रमातील आपला सुमारे १० हजार डॉलरचा वाटा तिने तिथल्याच संस्थांना देऊन टाकला. अमेरिकेतील कमाईचा मोठा भाग स्वीडनमधील मोफत शाळांसाठी होता. दौऱ्याला होकार देण्यामागचा तिचा मुख्य हेतूच तो होता. इंग्लंडमधील नॉरिच येथे १८४९ मध्ये केलेल्या कार्यक्रमांच्या निधीतून १८५४ मध्ये मुलांचे रुग्णालय उभे राहिले. तिथले बालरुग्णालय आजही तिच्याच नावाने ओळखले जाते. डिसेंबर १८४८ मध्ये लंडनला ‘एलायजा’ गाऊन तिने मेंडेल्सोनच्या स्मृत्यर्थ शिष्यवृत्तीसाठी निधी उभारला होता. तिचा पहिला मानकरी आर्थर सुलिव्हन पुढे इंग्लंडचा अत्यंत लोकप्रिय संगीतकार झाला.

नंतरचे आयुष्य कसे गेले?

५ फेब्रुवारी १८५२ रोजी बोस्टनमध्ये तिने साथीचा पियानोवादक ओटो गोल्डश्मिटशी लग्न केले. तो तिच्याहून जवळपास नऊ वर्षांनी लहान आणि मेंडेल्सोनचा शिष्य. तीन मुले झाली, कुटुंब इंग्लंडमध्ये स्थायिक झाले. १८७५ मध्ये गोल्डश्मिटने लंडनमध्ये बाख कॉयर सुरू केले. पुढच्या वर्षी बाखच्या बी मायनर मासचा इंग्लंडमधील पहिला संपूर्ण प्रयोग झाला, तेव्हा पन्नाशी ओलांडलेली जेनी समूहात उभी राहून स्त्री-आवाजांचे नेतृत्व करत होती. १८८३ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक सुरू झाले आणि ती तिथे गायनाची प्राध्यापक झाली. अखेरचा जाहीर कार्यक्रम त्याच वर्षी माल्व्हर्न येथे, रेल्वे कर्मचाऱ्यांच्या मदतनिधीसाठी. २ नोव्हेंबर १८८७ रोजी माल्व्हर्न टेकड्यांवरील घरी तिचे निधन झाले. १८९४ मध्ये वेस्टमिन्स्टर अॅबेत तिचे स्मारक बसले. १९९६ मध्ये स्वीडनच्या ५० क्रोनरच्या नोटेवर तिची छबी आली.

तिचा आवाज आज ऐकता येतो का?

नाही. एडिसनचा फोनोग्राफ तिच्या हयातीतच, १८७७ मध्ये आला. तरी तिचे एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. आपल्याला त्या आवाजाचा अंदाज बांधावा लागतो तो कागदांवरून. जवळपास पावणेतीन सप्तकांचा पल्ला. मधले सूर किंचित झाकोळलेले, बहुधा त्या जुन्या दुखापतीची खूण. वरचे सूर मोकळे आणि अतिशय हळू आवाजातही दूरवर पोहोचणारे. मेंडेल्सोनने ‘एलायजा’त ज्या एका उंच ‘फा शार्प’ सुराभोवती तिच्यासाठी रचना फिरवली, तो सूर आजच्या गायिकाही ती स्वरलिपी समोर ठेवून लावतात.

१८९१ मध्ये हॉलंड आणि रॉक्स्ट्रो यांनी तिचे मोठे चरित्र प्रसिद्ध केले. त्यात ती गात असलेल्या काही ताना आणि आलंकारिक जागा गोल्डश्मिटने स्वरलिपीत उतरवून दिल्या आहेत. अनेक वर्षे पियानोवर साथ करणाऱ्या माणसाने लक्षात ठेवलेल्या त्या जागांमध्ये श्वास कुठे घ्यायचा याच्या खुणा शोधण्याचे काम अभ्यासक आजही करतात.